सोप्यालगतची खोली आणि परदेशी कुटुंब

प्रश्न : सोप्यालगतची आमची खोली रिकामी आहे. वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांना कोल्हापूरकरांनी घरात घेतलं, असं आजोबा सांगायचे. परदेशातून जीव वाचवून आलेल्या कुटुंबाला आम्ही ठेवलं, तर गुन्हा होईल का?
– एक वाचक भगिनी, बिद्री

उत्तर : ताई, आजोबांची थोडी गल्लत झाली. 1943 ते 1948 मध्ये सुमारे 5,000 पोलिश लोक वळिवड्यात राहिले, पण छावणीच्या बराकींत. जिव्हाळा मात्र खरा होता.

कागद चोख असलेल्या पाहुण्याला ठेवणं गुन्हा नाही. लपवणं अंगाशी येतं. 1951 च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, त्यामुळे परदेशी नागरिकांचाच कायदा लागू होतो. पासपोर्ट-व्हिसा स्वतः बघा, प्रती ठेवा आणि कुटुंब उतरल्यापासून 24 तासांत ऑनलाइन नोंद करा. अडलात तर जिल्हा पोलिसांच्या परदेशी नागरिक नोंदणी विभागात विचारा. घरगुती पाहुण्यांचीही ही नोंद करावी लागते, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. कागद नसतील, तर आधी वकील गाठा. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं दिल्लीत कार्यालय आहे. पण तिचं ओळखपत्र म्हणजे व्हिसा नव्हे.

आणि हो, त्या खोलीला आतून कडी आहे ना? नसेल तर बसवून घ्या. पळून आलेल्या माणसाला पहिल्या रात्री तीच लागते.