लाल शेवाळ : खाऊ की औषध?

शेवाळ म्हटले की आपल्याला विहिरीच्या पायरीवरचे हिरवे, निसरडे शेवाळ आठवते. पण समुद्रात हिरवे, तपकिरी आणि लाल अशा तीन रंगांचे शेवाळ असते. लाल शेवाळातही हरितद्रव्य असते, पण तांबड्या रंगाखाली ते झाकून जाते.

जपानात लोक समुद्रात जाळी बांधून लाल शेवाळाची शेती करतात. ते धुऊन, बारीक चिरून, पातळ पसरून पापडासारखे वाळवतात. त्याला नोरी म्हणतात. नोरी दिसते काळी, पण भाजली की हिरवी होते. तिच्यात भात गुंडाळून खातात.

वाळलेल्या नोरीत सुमारे तिसरा हिस्सा प्रथिने असतात. मला वाटले, ही तर डाळीपेक्षा भारी! मग गुरुजींनी फळ्यावर हिशेब घातला. एक नोरी ३ ग्रॅमची, म्हणजे प्रथिने १ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. म्हणजे एका अंड्याची बरोबरी करायला ६ नोरी लागतील. म्हणून नोरी हे तोंडीलावणे आहे, जेवण नव्हे.

वाण्याकडे चायना ग्रास मिळते, तेही लाल शेवाळापासूनच करतात. तमिळनाडूत रामेश्वरजवळ बायका समुद्रात बुड्या मारून असे शेवाळ काढतात. चायना ग्रास पोटात पचत नाही. त्यामुळे अंगात ताकद येत नाही, पण पोट साफ व्हायला मदत होते.

शेवाळात आयोडीनही असते. मुलांना ते रोज १२० मायक्रोग्रॅम लागते आणि मोठ्या माणसांना १५०. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग! जन्मभराचे आयोडीन एकत्र केले तरी चमचाभर होत नाही. पण तेवढेही मिळाले नाही तर गलगंड होतो आणि आईच्या पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ नीट होत नाही.

माझ्या मावशीच्या गळ्याला गाठ आली आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, "शेवाळ खा, गाठ जिरेल." पण डॉक्टरांनी सांगितले, "आधी रक्त तपासू. आयोडीन कमी पडलं तरी गळ्याची ग्रंथी बिघडते आणि जास्त झालं तरी बिघडते." काही तपकिरी शेवाळांत तर नोरीपेक्षा कितीतरी पट जास्त आयोडीन असते. मावशीने शेवाळ खाल्ले नाही. तिचे औषध आता चालू आहे.

खडकावरचे शेवाळ ओरबाडून खाऊ नका. घाण पाण्यातले शेवाळ विषारी धातूही शोषून घेते. आपल्याला आयोडीन मिठातून मिळते. म्हणून दुकानात गेलात की पिशवीवर 'आयोडीनयुक्त मीठ' असे लिहिले आहे का ते वाचा. घरी आणल्यावर मीठ झाकून ठेवा. आई-बाबांनाही सांगा, गळ्याला गाठ दिसली तर घरचा उपाय करू नका, दवाखान्यात जा.

सांगा पाहू : १२ नोरींत किती ग्रॅम प्रथिने?

— इयत्ता ४ थी