वठलेलं झाड आणि कृष्णाची यादी

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय २२ (शेवटचा भाग)

हा अध्याय म्हटलं की बहुतेकांना चीरहरण आठवतं आणि वाचन तिथेच थांबतं. पण त्याच्या शेवटी एक छोटासा प्रसंग आहे. ग्रीष्माचे दिवस आहेत. कृष्ण-बलराम सवंगड्यांबरोबर गाई चारत वृंदावनापासून लांब आलेत. ऊन रणरणतंय आणि झाडांनी सगळ्यांवर छत्रीसारखी सावली धरली आहे. कृष्ण मित्रांना एकेकाला नावाने हाक मारतो आणि सांगतो, ही झाडं बघा. वारा, पाऊस, ऊन, थंडी स्वतः सोसतात आणि आपल्याला वाचवतात. यांच्याकडे आलेला कुणी विन्मुख परत जात नाही.

मग झाडं काय काय देतात, याची तो यादीच करतो : पानं, फुलं, फळं, सावली, मुळं, साल, लाकूड, सुगंध, डिंक, राख...

इथे जरा थांबूया. पानं, फुलं, सावली हे जिवंत झाडाचं देणं. पण राख? ती तर लाकूड वाळून जळल्यावरच मिळते. म्हणजे कृष्णाच्या हिशेबात झाड वठलं म्हणून त्याचं खातं बंद होत नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर खांडसहून गणेश घाटाने भीमाशंकरला चालत जा. वरच्या जंगलात वठलेली झाडं दिसतात. काही उभी, काही आडवी पडलेली. आपण त्यांना ओलांडून पुढे जातो. पण सुतार पक्षी तिथेच अळ्या शोधत असतो. तांबट वाळलेल्या, मऊ झालेल्या फांदीत घरट्यासाठी भोक कोरतो. सोडून दिलेल्या ढोलीत पुढे मैना किंवा पिंगळा राहायला येतो. वाळवी आणि बुरशी मिळून लाकडाची हळूहळू माती करतात. पावसाळ्यात तर याच जंगलात कुजणाऱ्या काही फांद्या रात्री हिरवट उजेडाने चमकतात. तो उजेड बुरशीचा असतो.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात जुनी सिस्टिम 'आता हिचा उपयोग नाही' म्हणून बंद करायला घेतली, की कळतं तिच्यावर अजून किती गोष्टी चालू आहेत. जंगलातही तसंच आहे.

आता एक प्रश्न. झाड लाकूड देतं असं देवच म्हणतो, मग ट्रेकला शेकोटीसाठी चार वाळक्या फांद्या तोडल्या तर काय बिघडलं? पण कृष्ण तिथे झाडाचं देणं सांगतोय, आपला हक्क नाही. घेणारे आपण एकटे नाही. तांबट आणि वाळवीही त्याच दारात उभे आहेत. सह्याद्रीतल्या कितीतरी देवरायांमध्ये पडलेलं वाळकं लाकूडसुद्धा न उचलण्याची रीत आहे, कारण ते देवाचं. अभयारण्यातून लाकूड नेणं तर कायद्यानेही मना आहे. (आणि हो, वारा-पाऊस असताना वठलेल्या झाडाखाली विसाव्याला बसू नका. फांदी कधी कोसळेल सांगता येत नाही.)

मला मात्र हे वाचन जंगलाबाहेर जास्त बोचतं. माणसाची किंमत आपण फळांवर करतो : पगार, प्रमोशन, आऊटपुट. नोकरी गेलेला मित्र, अंथरुणाला खिळलेली आजी, हे आपल्या हिशेबात कधी 'वठलेले' होतात, आपल्यालाच कळत नाही. आजी आता काही करत नसेल. पण तिच्या खोलीत घर अजून टेकायला येतं की नाही, हे जरा बघा.

कृष्णाची यादी राखेवर संपत नाही. तिचा शेवट कोवळ्या कोंबांवर होतो. मोठं झाड पडलं की वरच्या छतात खिडकी उघडते, जमिनीवर ऊन पोचतं आणि इतके दिवस सावलीत खुंटलेली रोपं उंच व्हायला लागतात.

आजचा संकल्प : ज्याच्याकडून आता 'काही मिळत नाही' असं वाटतं, अशा एका माणसाजवळ आज दहा मिनिटं बसायचं. काही मागायला नाही, नुसतं सावलीला.

जय श्रीकृष्ण!