तेहतीस डावांचा सामना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ऱ्होड आयलंड हे सर्वांत लहान संस्थान होय. त्यातील पॉटकेट या नदीकाठच्या गावी 1793 साली सॅम्युएल स्लेटर व त्याचे भागीदार यांनी पाण्याच्या शक्तीवर चालणारी सुताची गिरणी उभारली. पुढे गिरण्यांनी शहर गजबजून गेले. परंतु विसाव्या शतकात एकेक गिरणी बंद पडत गेली.

या शहराने बेसबॉलवर मात्र जिवापाड प्रेम केले. क्रिकेटप्रमाणेच हाही चेंडू आणि फळी यांचा खेळ आहे. त्यात प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात. बरोबरी झाली, तर निकाल लागेपर्यंत जादा डाव होतात. मोठ्या शहरांतील नामांकित संघांना खेळाडू पुरविणारे संघ बहुधा लहान शहरांत असतात. त्यांच्या स्पर्धांना 'मायनर लीग' म्हणतात. पॉटकेटचा संघ बोस्टनच्या संघासाठी असेच खेळाडू घडवीत असे.

हा संघ कर्जबाजारी झाला, तेव्हा 1977 साली बेन माँडर या निवृत्त गिरणीमालकाने तो विकत घेतला. हळूहळू मैदान पुन्हा प्रेक्षकांनी फुलू लागले.

18 एप्रिल 1981 च्या रात्री पॉटकेट व रॉचेस्टर यांचा सामना सुरू झाला. नऊ डाव संपले, तेव्हा बरोबरी होती. मध्यरात्र उलटली, तरी निकाल लागेना. थंडी एवढी कडाक्याची, की खेळाडूंनी मोडक्या फळ्या जाळून शेक घेतला. पहाटे चार वाजून गेल्यावर, बत्तीस डावांनंतर, सामना थांबविण्यात आला. त्या वेळी केवळ 19 प्रेक्षक उरले होते. 23 जून रोजी खेळ पुढे सुरू झाला आणि अवघ्या 18 मिनिटांत पॉटकेटने तो 3–2 असा जिंकला. व्यावसायिक बेसबॉलमधील हा सर्वांत दीर्घ सामना ठरला. त्यात खेळलेले वेड बॉग्ज व कॅल रिपकेन हे तरुण पुढे थोर खेळाडू म्हणून गाजले.

2020 नंतर संघ वूस्टर शहरी गेला आणि 2025 साली जुने क्रीडागार पाडण्यास प्रारंभ झाला. त्या जागी विद्यालय उभारावयाचे ठरले आहे. पॉटकेटच्या गिरण्या थांबल्या, संघही गेला. परंतु रात्रभर मैदान न सोडणाऱ्या खेळाडूंची आणि पहाटेपर्यंत त्यांना साथ देणाऱ्या त्या 19 प्रेक्षकांची कथा पॉटकेटचीच राहिली आहे.