घराचा पाया

मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. मोसम नदी या गावातून वाहते. नदीजवळच्या एका मोहल्ल्यात आमचे घर आहे. ही हकिकत 2004 सालच्या उन्हाळ्यातली आहे. त्या वेळी मी सातवीची परीक्षा दिली होती.

आमचे घर वीस फूट रुंद आणि तीस फूट लांब होते. भिंती विटांच्या आणि वर पत्रे. दादी, अब्बा, अम्मी, भाईजान, आपा, मी आणि धाकटी बहीण अशी सात माणसे तिथे राहत होतो. भाईजानचे लग्न ठरले होते. आपा दहावीत गेली होती. तिला अभ्यासाला जागा नव्हती. ती दारातल्या पायरीवर बसून वाचत असे.

एके रात्री अब्बा म्हणाले, "गावाबाहेर प्लॉट मिळतो आहे. हे घर विकू आणि तिकडे मोठे घर बांधू."

दादी म्हणाली, "बेटा, चाळीस वर्षांचा शेजार सोडून जायचे? रात्री कुणाला बरे वाटेनासे झाले तर तिथे कोणाचे दार ठोठवायचे? त्यापेक्षा घरावर माडी चढव."

आठ दिवस घरात हीच चर्चा चालली. कोणीही मागे हटेना. शेवटी अब्बांनी ठरवले, "आता वाद पुरे. आधी दोन्ही गोष्टी नीट पाहू."

प्रथम ते प्लॉट पाहायला गेले. मलाही बरोबर नेले. जागा मोठी होती, वारा छान होता. पण सातबारा उतारा पाहिला, तेव्हा कळले की जमीन अजून शेतीचीच आहे, बिगरशेती झालेली नाही. तिथे घराचा नकाशा मंजूर होणार नव्हता. शिवाय आपाची शाळा तिथून पाच किलोमीटर दूर होती आणि त्या रस्त्याने बस जात नव्हती. परत येताना अब्बा गप्प होते. घरी आल्यावर ते एवढेच म्हणाले, "आपाची शाळा सुटली असती. हे मी मोजलेच नव्हते."

आता माडीचा विचार सुरू झाला. मिस्त्री म्हणाले, "भिंती जाड आहेत. लगेच स्लॅब टाकू. काही होत नाही." पण अब्बांनी एका इंजिनियरांना बोलावले. त्यांनी भिंतीकडे पाहिलेसुद्धा नाही. ते म्हणाले, "आधी कोपऱ्यात खड्डा खणा."

खड्डा खणला. पाया जेमतेम अडीच फूट खोल होता आणि खाली काळी माती होती. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. घट्ट मुरूम सहा फुटांवर लागला. विटाही चुन्या-सिमेंटऐवजी मातीत बसवलेल्या होत्या. शेजारचे माग सुरू झाले की आमच्या घरातली भांडी का थरथरत, ते मला तेव्हा उमगले.

इंजिनियरांनी मला कागद दिला आणि हिशेब करायला सांगितला. संपूर्ण घरावर पाच इंच जाडीचा स्लॅब टाकला तर 250 घनफूट काँक्रीट लागते. सळईसह एक घनफूट काँक्रीटचे वजन सुमारे 70 किलो असते. मी गुणाकार केला. 17,500 किलो! म्हणजे साडेसतरा टन. त्याच्यावर पुन्हा भिंती, सामान आणि माणसे. ते म्हणाले, "हा भार या पायाने कसा उचलायचा?"

मग त्यांनी मार्ग सुचवला. घराच्या एका बाजूला चार कॉलम उभे करायचे. त्यांचे पाय थेट मुरमावर ठेवायचे. जुन्या भिंतींवर भार न देता कॉलमवर दहा बाय बारा फुटांची एकच खोली बांधायची. जुनी भिंत खचू नये म्हणून एका वेळी एकच खड्डा खणायचा.

खोली एकच होणार होती आणि पैसेही बरेच लागणार होते. तेव्हा भाईजान म्हणाला, "माझे लग्न एक वर्ष पुढे ढकला. तोवर वरच्या खोलीत आपा अभ्यास करील." अम्मीने डोळे पुसले. दादीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

बांधकामाची परवानगी घेऊनच काम सुरू केले. पावसाळ्यापूर्वी स्लॅब पडला. तीन आठवडे त्याला रोज पाणी देण्याचे काम माझ्याकडे होते. पुढच्या वर्षी आपा दहावी पास झाली. त्यानंतर त्या खोलीत नवी भाभी आली.

मुलांनो, प्रत्येक घराने माडीच बांधावी असे नाही. कधी नव्या जागी जाणेच शहाणपणाचे असते. पण निर्णय घेण्यापूर्वी जमिनीचे कागद पाहा, पाया पाहा आणि घरातल्या कोणाला काय सोडावे लागेल, तेही मोजा.

शब्दार्थ
पाया – बुनियाद
निर्णय – फैसला
परवानगी – इजाजत
भार – बोजा
आकसणे – सुकडणे

स्वाध्याय
1. अब्बांनी प्लॉट का घेतला नाही? दोन कारणे लिहा.
2. काळ्या मातीचा पायावर काय परिणाम होतो?
3. दहा बाय बारा फुटांच्या, पाच इंच जाडीच्या स्लॅबचे वजन काढा.
4. भाईजानच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? पाच ओळी लिहा.