नामसाधर्म्य, नोंदी आणि परदेशप्रवास

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये मोगलांच्या छावणीतून सुटून शाहू महाराज स्वदेशी परतले, तेव्हा पहिला प्रश्न उभा राहिला तो त्यांच्या ओळखीचा. हे खरे शाहू नव्हेत, कोणी तोतया आहे, अशी शंका विरुद्ध पक्षाकडून घेतली गेली. परसोजी भोसले यांनी त्यांच्याबरोबर एका ताटात भोजन करून त्या शंकेचे निरसन केले, असे इतिहासकार सांगतात. पुढे जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला.

त्या काळी ओळख पटविण्यास एक विश्वासू माणूस पुरेसा होता. आज विमानतळावरील आप्रवासन कक्षात, म्हणजेच बोलीतल्या इमिग्रेशनच्या खिडकीवर, असा साक्षीदार नसतो. तेथे पारपत्र बोलते आणि संगणकातील यादी बोलते. या दोहोंत नाव जुळले की निरपराध प्रवाशालाही बाजूस बसविले जाते, त्याचे विमान निघून जाते आणि प्रसंगी नोकरी किंवा परदेशी विद्यापीठातील प्रवेशही हातचा जातो. ही घटना विमानतळावर घडत असली, तरी तिचे मूळ पुष्कळदा गावच्या जन्मनोंदवहीत, शाळेच्या दाखल्यात किंवा पोलीस ठाण्याच्या कागदात असते. म्हणूनच हा विषय सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी समजून घेण्याजोगा आहे.

थोरामोठ्यांनाही न चुकलेला त्रास

नामसाधर्म्याचा फटका केवळ सामान्यांनाच बसतो असे नाही. अमेरिकेचे ज्येष्ठ सिनेटर एडवर्ड केनेडी यांना २००४ मध्ये विमानतळांवर अनेकदा अडविण्यात आले. एका संशयिताने वापरलेले टोपणनाव त्यांच्या नावाशी जुळत होते, एवढेच त्याचे कारण. ही चूक दुरुस्त होण्यास त्यांच्यासारख्या लोकप्रतिनिधीलाही तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला. मुंबईचे चित्रपट अभिनेते शाहरुख खान यांना २००९ मध्ये नेवार्क विमानतळावर चौकशीसाठी थांबविण्यात आले. आपले नाव संगणकातील यादीतील नावाशी जुळल्यामुळे हे घडले, असे त्यांनी त्या वेळी सांगितले. पुढे २०१२ आणि २०१६ मध्येही त्यांना अमेरिकेत असाच अनुभव आला. अशा तक्रारी वाढल्यामुळे अमेरिकेने २००७ मध्ये चुकीने अडविल्या गेलेल्या प्रवाशांसाठी स्वतंत्र निवारण व्यवस्था सुरू केली. तिच्यात अर्जदारास एक क्रमांक मिळतो. पुढील प्रवासाचे तिकीट काढताना तो नमूद केल्यास त्याच नावाच्या इतर व्यक्तीपासून त्याला वेगळे ओळखणे सोपे जाते.

जगप्रसिद्ध व्यक्तीची ही स्थिती, तर पाटील, जाधव, पवार, शिंदे, माने या आडनावांच्या असंख्य कुटुंबांतील एखाद्या तरुणाची काय कथा!

आपल्या नोंदींतील खाचखळगे

आपल्या भागातील नावांची काही वैशिष्ट्ये या अडचणीत भर घालतात. पहिले वैशिष्ट्य म्हणजे ठरावीक आडनावे आणि ठरावीक नावे. एकाच तालुक्यात नाव व आडनाव दोन्ही सारखे असलेल्या कित्येक व्यक्ती सापडतात. त्यांना वेगळे ओळखविणारा घटक म्हणजे वडिलांचे नाव. मधले नाव लिहिण्याची आपली जुनी पद्धत या दृष्टीने अत्यंत उपयुक्त आहे, मात्र ते केवळ आद्याक्षराने न लिहिता पूर्ण लिहिले पाहिजे.

दुसरी अडचण जन्मतारखेची. ग्रामीण भागातील ज्येष्ठ पिढीतील पुष्कळांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे. जन्माची नोंद नसलेले मूल जूनमध्ये शाळेत दाखल होई आणि गुरुजी अंदाजाने वर्ष धरून १ जून ही तारीख लिहीत. त्या काळी तो सोयीचा मार्ग होता. परंतु आज नाव, आडनाव आणि जन्मतारीख या तिन्ही गोष्टी दोन भिन्न व्यक्तींच्या बाबतीत तंतोतंत जुळण्याचा संभव त्यामुळे निर्माण होतो. संगणकाच्या दृष्टीने त्या दोघी व्यक्ती एकच ठरतात.

तिसरी अडचण रोमन लिपीची. ‘व’ हे अक्षर कोणी ‘व्ही’ने लिहितो, तर कोणी ‘डब्ल्यू’ने. ‘श’साठी कोणी ‘एस’ पुरेसा मानतो, तर कोणी त्यास ‘एच’ जोडतो. परिणामी एकाच माणसाचे नाव दहावीच्या प्रमाणपत्रात एक, आधारपत्रात दुसरे आणि पारपत्रात तिसरे होते. शिवाय शाळा व महसूल विभागाच्या कागदांत आडनाव आधी लिहिण्याचा प्रघात आहे. परदेशी अर्जात मात्र आडनाव आणि व्यक्तिनाम यांचे रकाने स्वतंत्र असतात. हे रकाने उलटसुलट भरले गेले की घोटाळा होतो. एखादा रकाना कोराच राहिला तरी अडचण येते. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ मध्ये एकेरी नावाच्या पारपत्रावर भेटीसाठी येणाऱ्या प्रवाशांना प्रवेश नाकारण्याचे धोरण जाहीर केले, तेव्हा अनेकांना याची जाणीव झाली.

चौथी अडचण जन्मस्थळाची, आणि ती या दोन जिल्ह्यांची खासच आहे. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे वाळवे, तासगाव, खानापूर या भागांतील वृद्धांच्या एका कागदावर सातारा, तर दुसऱ्यावर सांगली अशी नोंद आढळते. गावांची नावेही बदलतात. इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२५ मध्ये जाहीर केला. अशा वेळी जुन्या व नव्या नावांतील दुवा दाखविणारा कागद जवळ असणे हिताचे ठरते.

नावाची रचनाही आता बदलली आहे. राज्य शासनाच्या २०२४ च्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव या क्रमाने लिहावयाचे आहे. मातेला सन्मान देणाऱ्या या निर्णयामुळे व्यक्तीची ओळख अधिक नेमकी होईल. मात्र पारपत्रावरील यंत्राने वाचावयाच्या ओळीत नावासाठी केवळ ३९ जागा असतात, हे ध्यानात ठेवून रोमन लिपीतील लेखन आरंभापासूनच एकसारखे ठेवणे अगत्याचे आहे.

जिल्हा प्रशासनाची जबाबदारी

फौजदारी प्रकरणातील व्यक्ती देशाबाहेर जाऊ नये यासाठी जे परिपत्रक काढले जाते, त्यास लूकआउट परिपत्रक म्हणतात. त्याची अंमलबजावणी केंद्रीय गृहमंत्रालयाचा आप्रवासन विभाग करतो. परंतु त्याची मागणी करण्याचा अधिकार ज्यांना आहे, त्यांत जिल्हाधिकारी व जिल्हा पोलीस अधीक्षक यांचाही समावेश होतो. म्हणजेच मुंबईच्या विमानतळावर एखादा प्रवासी अडविला जातो, तेव्हा त्यामागील कागद सातारा किंवा सांगली येथूनही निघालेला असू शकतो.

गृहमंत्रालयाच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा मागणीत नाव व पालकांचे नाव, पारपत्र क्रमांक, जन्मतारीख यांसारखे ओळखीचे किमान तीन घटक देणे अपेक्षित आहे. केवळ नाव आणि पारपत्राचा तपशील उपलब्ध असला तरी चालते. निरपराध प्रवाशांना त्रास होऊ नये यासाठी मागणी करणाऱ्या कार्यालयाने वेळोवेळी आढावा घेऊन अधिक तपशील पुरवावा, असेही त्यांत म्हटले आहे. २०२१ च्या सुधारित सूचनांनुसार असे परिपत्रक आपोआप संपुष्टात येत नाही. ते काढून टाकण्याची विनंती मूळ कार्यालयानेच करावयाची असते. प्रकरण निकालात निघाले, आरोपी निर्दोष सुटला, पण पत्र पाठविण्याचे राहून गेले, तर तो आणि त्याचे नामबंधू यांची अडवणूक चालूच राहते. म्हणून वर वर्णिलेल्या १ जूनच्या तारखा लक्षात घेता, वडिलांचे पूर्ण नाव व पारपत्र क्रमांक मिळविण्यासाठी थोडे अधिक श्रम घेणे हे कर्तव्यच होय.

परदेशप्रवासाचा अधिकार हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सतवंत सिंग सॉहनी प्रकरणात सांगितले. त्याच वर्षी पारपत्र अधिनियम संमत झाला. १९७८ मध्ये मनेका गांधी प्रकरणात न्यायालयाने हे तत्त्व अधिक दृढ केले. प्रवाशाला थांबविणे ही कृपा-अवकृपेची बाब नसून कायद्याच्या चौकटीत राहून करावयाची कृती आहे, हा त्या निर्णयांचा आशय.

प्रवाशाने घ्यावयाची दक्षता

पारपत्र, प्रवेशपरवाना आणि तिकीट या तिन्हींवरील नाव अक्षरशः एकच असावे. विवाहानंतर नाव बदललेल्या भगिनींनी सर्व कागद एकाच नावाने करून घ्यावेत किंवा विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र बरोबर ठेवावे. हरवल्याची तक्रार दिलेले पारपत्र पुढे सापडले, तरी त्यावर प्रवास करू नये. त्याचा क्रमांक इंटरपोलच्या, २००२ पासून चालविल्या जाणाऱ्या, हरवलेल्या व चोरीस गेलेल्या पारपत्रांच्या यादीत असू शकतो आणि स्वतःच्याच पारपत्रावर मनुष्य संशयित ठरतो.

अडविले गेल्यास वाद न घालता वडिलांचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ व छायाचित्र ताडून पाहण्याची नम्र विनंती करावी आणि परिपत्रक कोणत्या कार्यालयाचे आहे, याची विचारणा करावी. त्या कार्यालयाकडे लेखी अर्ज करणे हा पहिला उपाय व न्यायालयाकडे दाद मागणे हा पुढचा. परदेशात अटक किंवा स्थानबद्धता झाल्यास, १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार भारतीय वकिलातीस कळविण्याची मागणी करता येते. आप्तांना परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदविता येते. मात्र प्रवेशपरवाना मिळाला म्हणजे प्रवेशाची हमी मिळाली, असे समजू नये. अंतिम निर्णय त्या देशाचा असतो.

मुळाशी उपाय

तंत्रज्ञानाची मदत वाढत आहे. १ एप्रिल २०२४ पासून नागपूरसह काही पारपत्र कार्यालयांतून इलेक्ट्रॉनिक चकती बसविलेली पारपत्रे प्रायोगिक तत्त्वावर देण्यास आरंभ झाला. तिच्यातील छायाचित्र व बोटांचे ठसे यांमुळे एका नावाच्या दोन व्यक्ती वेगळ्या ओळखणे सुलभ होते. परंतु यंत्रात जी माहिती भरली जाईल, तीच ते दाखविणार.

१ ऑक्टोबर २०२३ रोजी व त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत जन्मप्रमाणपत्र हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा मुख्य पुरावा ठरला आहे. त्यामुळे ग्रामपंचायतीतील जन्मनोंदवहीचे महत्त्व पूर्वी कधी नव्हते इतके वाढले आहे. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी, बालकाचे नाव ठरताच ते नोंदवहीत चढावे आणि प्रमाणपत्रातील रोमन अक्षरे पालकांना वाचून दाखवावीत. शिक्षकांनी प्रवेशाच्या वेळी हेच प्रमाणपत्र प्रमाण मानावे व दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी नावातील तफावत दूर करावी. शाळा सोडल्यानंतर ही दुरुस्ती अवघड होते. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हा विषय एकदा तरी घ्यावा.

एका ताटात भोजन करून ओळख पटविणारा सरदार आज कोणाच्या मदतीस येणार नाही. गावातून परदेशी निघालेल्या तरुणाची साक्ष त्याचे कागदच देणार आहेत, आणि ते लिहिण्याचे काम आपल्या हाती आहे.