एका वीराची दोन नावे : ओडिसियस आणि युलिसिस

शाळेच्या वाचनालयातील परदेशी कथांच्या पुस्तकांत एका ग्रीक वीराचे नाव कोठे ‘ओडिसियस’ तर कोठे ‘युलिसिस’ असे आढळते. हे दोन निराळे वीर असावेत, असा विद्यार्थ्यांचा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः हा एकच पुरुष होय. तो इथाका बेटाचा राजा. त्याच्या नावांचा मागोवा घेतल्यास कथा, भाषा व इतिहास या तिन्ही विषयांचा पाठ एकत्र देता येतो.

त्याची कथा होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यात आली आहे. ट्रॉयचे युद्ध दहा वर्षे चालले आणि घरी पोहोचण्यास त्यास आणखी दहा वर्षे लागली. वाटेत तो बारा सोबत्यांसह पॉलिफीमस या एकाक्ष राक्षसाच्या गुहेत सापडला. राक्षसाने सहा जणांस खाल्ले. ओडिसियसने त्यास मद्य पाजले व आपले नाव ‘कोणी नाही’ असे सांगितले. तो निद्रिस्त होताच तापवलेली मेख त्याच्या डोळ्यात खुपसली. राक्षसाचा आक्रोश ऐकून त्याचे शेजारी धावले. परंतु “‘कोणी नाही’ मला मारीत आहे” हे त्याचे शब्द ऐकून ते परत फिरले. पुढे मेंढ्यांच्या पोटास बिलगून उरलेले सर्व जण सुटले.

गलबत किनाऱ्यापासून दूर गेल्यावर मात्र ओडिसियसला राहवले नाही. सोबत्यांनी आवरले असताही त्याने आपले खरे नाव, पित्याचे नाव व गाव ओरडून सांगितले. नाव कळताच राक्षसाने आपला पिता, समुद्रदेव पोसायडन, याच्याकडे त्याच्या नाशाची याचना केली. अखेर सर्व सोबती मृत्युमुखी पडले आणि तो एकटाच परक्यांच्या गलबतातून घरी आला. नाव लपविले तेव्हा प्राण वाचले. नाव मिरविले तेव्हा माणसे गेली. कथेचे मर्म येथेच आहे.

‘युलिसिस’ हे रूप लॅटिन भाषेतून आले. ग्रीकांच्या जुन्या मृत्पात्रांवरही ‘द’ऐवजी ‘ल’ असलेली या नावाची रूपे आढळतात. अशी वर्णांची अदलाबदल आपणांस अपरिचित नाही. संस्कृत ‘गुड’ मराठीत ‘गूळ’ झाला, हे उदाहरण फळ्यावर लिहावे.

नावाप्रमाणे लोकांचे मतही बदलत गेले. ग्रीकांस त्याची युक्ती कौतुकाची वाटली. रोमन लोक स्वतःस ट्रॉयवासीयांचे वंशज मानीत. म्हणून रोमन कवी व्हर्जिलच्या काव्यात तोच पुरुष कपटी व क्रूर ठरला. इटालियन कवी दान्ते (मृत्यू १३२१) याने त्यास नरकात स्थान दिले. तथापि अज्ञात सागराकडे निघालेला धाडसी प्रवासी म्हणूनही त्याचे चित्र रेखाटले. १८४२ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रज कवी टेनिसन याच्या कवितेत तो वार्धक्यातही न थकणारा वीर आहे. १९२२ मध्ये जेम्स जॉइस याने डब्लिन शहरातील एका सामान्य माणसाच्या एका दिवसाच्या कादंबरीस ‘युलिसिस’ हेच नाव दिले.

हे नाव अवकाशातही गेले. सूर्याच्या ध्रुवप्रदेशांचा अभ्यास करणारे ‘युलिसिस’ यान १९९० मध्ये निघाले व त्याचे कार्य २००९ मध्ये संपले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलेल्या व उतरताना कलंडलेल्या अमेरिकन यानाचे नाव ‘ओडिसियस’ होते. दीर्घ व संकटमय प्रवासास इंग्रजीत ‘ओडिसी’ म्हणतात. ओडिशातील ‘ओडिसी’ नृत्याचा मात्र या शब्दाशी काहीही संबंध नाही, हे विद्यार्थ्यांस आवर्जून सांगावे.

वर्गात प्रथम गुहेची कथा सांगावी आणि खरे नाव उच्चारण्याच्या प्रसंगी थांबून विचारावे : त्याने नाव का सांगितले असेल? तो शूर की गर्विष्ठ? उत्तरे भिन्न येतील. ती येऊ द्यावीत. नंतर ग्रीक व रोमन लोकांची मते सांगावीत. एकाच माणसास कोणी वीर म्हणतो व कोणी कपटी म्हणतो, तेव्हा बोलणारा कोणत्या बाजूस उभा आहे हे पाहावे, एवढी दृष्टी विद्यार्थ्यांस आली म्हणजे पाठाचा हेतू सफल झाला.