मोजणीआधीची जुळवणी

इतिहासाच्या अभ्यासकास जनगणनेचे आकडे आयते मिळतात. ते कसे तयार झाले, याकडे त्याचे सहसा लक्ष जात नाही. १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जातींची नोंद झाली. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेत ही संख्या ४६ लाखांवर गेली, असे केंद्र सरकारने २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात सादर केलेल्या प्रतिज्ञापत्रात म्हटले आहे. एकट्या महाराष्ट्रात ४,२८,६७७! जातिअंताचे स्वप्न पाहणाऱ्यांनी घाबरून जाऊ नये. वाढल्या त्या जाती नव्हेत, जातिनामे लिहिण्याच्या तऱ्हा. मलबारातील मापिला हा एकच समाज ४० प्रकारे लिहिला गेला आणि ४० जाती ठरला.

संगणकास ‘ग्रुप बाय’ व ‘काउंट’ अशी आज्ञा दिली की तो तंतोतंत सारख्या नोंदी एका गटात घालून मोजतो. अर्थ त्याला कळत नाही. शाळेच्या प्रवेशनोंदीच पाहा. ‘बौद्ध’ हा शब्द कित्येकजण ‘बौध्द’ असा टंकित करतात. वाचणाऱ्याची नजर त्यावरून सहज पुढे सरकते. पण एकात ‘द’ आधी, दुसऱ्यात ‘ध’ आधी, म्हणून संगणकाच्या लेखी ते दोन धर्म. शब्दापुढे चुकून एक जागा सुटली की तिसरा. ‘नवबौद्ध’ हा चौथा. शिष्यवृत्तीची यादी पहिल्याच रूपावरून काढली, तर उरलेल्या तीन गटांतील मुले तीत येतच नाहीत.

सुटलेली जागा ‘ट्रिम’ने निघते. बाकीच्यांसाठी मूळ नोंद आणि मान्य रूप अशा दोन रकान्यांचा वेगळा तक्ता करावा, तो मूळ तक्त्याशी जोडावा व मान्य रूपावरून मोजणी करावी. मूळ नोंद मात्र कदापि पुसू नये. पालकांनी ‘नवबौद्ध’ लिहिणे सोडून ‘बौद्ध’ लिहिणे कधी सुरू केले, हा उद्याच्या संशोधकाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर त्याच रकान्यात आहे.

अक्षरसाम्यावरून जुळणारी रूपे सुचविणारी साधनेही आहेत. ती उपयोगी आहेत, परंतु त्यांच्यावर विसंबणे धोक्याचे. ‘धनगर’ आणि ‘धनगड’ यांत एकाच अक्षराचे अंतर. हा लेखनदोष की दोन भिन्न समाज, यावर मुंबई उच्च न्यायालयात वाद चालला आणि २०२४ साली दोन्ही एकच असल्याचा दावा फेटाळला गेला. म्हणून जुळणीच्या तक्त्यात तिसरा रकाना ठेवावा आणि ही जुळवणी कोणी, कोणत्या आधारे केली, ते त्यात लिहावे.